थंडीत पोरांना घेऊन कुठे जाता? (रिसॉर्ट आणि मॉल सोडून)

अबोली | १६ डिसेंबर
नमस्कार मंडळी. नाताळची सुट्टी आठवड्यावर आली. घरात दोन पोरं, थोरली नऊ वर्षांची आणि धाकटा चारचा. आम्ही हडपसरला राहतो. गेल्या वर्षी मोठ्या हौसेने एके ठिकाणी 'हुरडा पार्टी'ला गेलो होतो. डिसेंबरात रेन डान्स, कानाशी डीजे, बैलगाडीसाठी पाऊण तासाची रांग, आणि हुरडा स्टीलच्या वाटीतून आला तो गारढोण. परतताना थोरलीने विचारलं, "पण ज्वारी कुठे होती?" शेत तिथे नव्हतंच.
यंदा काहीतरी खरं दाखवायचंय. मुक्काम शक्यतो नको, धाकट्याचं रात्रीचं तंत्र अजून बसलेलं नाही. सासूबाईही बरोबर असतील आणि त्यांचे गुडघे दुखतात. भिगवणला आत्ता फ्लेमिंगो दिसतात का? आणखी काही असेल तर यादी द्या, प्लीज.

भटक्या७२
राजगड. मुक्काम पद्मावती माचीवर. पोरांना लहानपणीच सवय लागली पाहिजे.

शेंगदाणा
@भटक्या, चार वर्षांचं पोर आणि सासूबाईंचे गुडघे घेऊन राजगड? धागा तरी पूर्ण वाचा हो.

भटक्या७२
बरं बाबा, घेतले शब्द मागे. पण एक सांगून ठेवतो. कुठल्याही किल्ल्यावर किंवा कड्याखाली जाल तर अंगाला सेंट नको आणि चूल-शेकोटीचा धूर नको. कातळाला आग्या मोहोळं लटकलेली असतात. ती उठली तर लहान पोराला घेऊन पळता येत नाही. हे ऐकीव नाही, एका मित्राला खांद्यावर घालून खाली आणलंय.

नदीकाठ
आधी फ्लेमिंगोचं. डिसेंबरात "शंभर टक्के दिसणार" असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि सोडून द्या.
भिगवण म्हणजे भीमेवरच्या उजनी धरणाचं मागे पसरलेलं पाणी. फ्लेमिंगोला, म्हणजे आपल्या रोहिताला, खायला उथळ काठ लागतो. तो गुडघाभर पाण्यात उभा राहतो, मान खाली घालून चोच उलटी बुडवतो आणि गाळातलं पाणी चोचीतून गाळून शेवाळ आणि बारीकसारीक जीव खातो. पाऊस दणकून झाला की उजनी काठोकाठ भरते आणि तो सगळा चिखलाचा काठ पाण्याखाली जातो. मग रोहित उशिरा येतात किंवा दुसरीकडे उतरतात. पुढे कालव्याला आवर्तनं सुटतात, पातळी उतरते, काठ उघडा पडतो आणि थवे दिसायला लागतात. म्हणून निघण्याआधी मी पेपरात 'उजनी किती टक्के' एवढंच बघते. धरण भरलेलं असेल तर भिगवण सरळ फेब्रुवारीवर ढकलते. आमच्या घरी ह्यावरून भांडण ठरलेलं, कारण माझं माहेर इंदापूरकडचं. धरण भरलं की भाऊ पेढे वाटतो आणि मी तोंड पाडून बसते.
डिसेंबरात गेलात तरी रिकाम्या हाताने येणार नाही. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब, चित्रबलाक, मोरशराटी, नदीसुरय, कुरव, आणि नशीब असेल तर दलदलीवर घिरट्या घालणारा ससाणा. कुंभारगाव, डिकसळ ह्या बाजूंना मच्छीमार मंडळीच होड्या चालवतात. लहान मापाचं लाइफ जॅकेट आहे का हे फोनवरच विचारून घ्या. आम्हाला मोठ्या माणसाचं मिळालं होतं, त्यात लेक पोत्यात घातल्यासारखी दिसत होती आणि पाण्यात पडली असती तर त्याचा काडीचा उपयोग झाला नसता. थवा दिसला की "लांबच थांबा, इंजिन बंद करा" असंही आधीच ठरवा. एका होडीवाल्याने आम्हाला 'उडताना फोटो मिळावा' म्हणून होडी थेट थव्यात घातली होती. फोटो झकास आला. मी तो कुणाला दाखवत नाही.

पण माझं ऐकाल तर पहिली फेरी भिगवणला नकोच. तुम्ही हडपसरला आहात, कवडीपाट तुमच्या दाराशी आहे. सोलापूर रस्त्याने लोणीच्या अलीकडे डावीकडे वळलं की मुळामुठेचा बंधारा. आधीच सांगते, घाण आहे. अख्ख्या पुण्याचं सांडपाणी तिथून वाहतं, बंधाऱ्याला पिशव्या लोंबतात, कधीकधी फेस असतो आणि वास तर असतोच. आणि त्याच पाण्यात, दहा-पंधरा पावलांवर, लांब लाल काड्यांसारख्या पायांचे शेकाटे, शेपूट सतत वरखाली हलवणारे धोबी आणि केशरी चक्रवाक. होडी नाही, तिकीट नाही, चढण नाही. सासूबाईंना घडीची खुर्ची न्या.
चक्रवाक तर दाखवाच. ही जोडी रात्री ताटातूट होऊन नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना हाका मारते असं जुने कवी सांगत आले. सासूबाईंना चकवा-चकवीची गोष्ट नक्की ठाऊक असेल, त्यांनाच सांगू द्या. लडाख-तिबेटकडे अंडी घालून हे इथे थंडी काढायला येतात.

शेंगदाणा
दुर्बीण घ्यायची का? घेतली तर कुठली?

नदीकाठ
८ × ४० किंवा ८ × ४२. १० पटीची नको, लहान हात हलतात आणि चित्र नाचतं. चार वर्षांच्या मुलाला दुर्बीण देऊच नका, त्याला आपला अंगठाही दिसणार नाही आणि रडारड होईल. नऊ वर्षांच्या मुलीला शिकवायचं असं: आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी पकडायचा, नजर तिथून हलवायची नाही आणि दुर्बीण डोळ्यांवर आणायची. पोरं उलटं करतात, दुर्बीण लावून पक्षी शोधत बसतात. घरी गच्चीवरून समोरच्या इमारतीतल्या कुंड्यांवर दोन दिवस सराव करून घ्या (शेजारी काय म्हणतील ते तुमचं तुम्ही बघा).
आणि यादी नको. माझं पहिलं वर्ष यादीत गेलं. "हा झाला, पुढचा." लेक कंटाळून गाडीत जाऊन बसायची. आता एका जागी तासभर बसतो. धोबी दगडावरून दगडावर जातो, चिलट पकडतो, परत येतो, दुसऱ्या धोब्याला हुसकावतो. एवढंच बघायचं. त्यात ती रमते.

गुळभेंडी
@अबोली, तुमच्या लेकीचा प्रश्न वाचून पोटात कालवलं. मी मंगळवेढ्याकडचा, घरची ज्वारी.
पहिली गोष्ट, नाताळ म्हणजे जरा घाईच. नाताळात जो हुरडा मिळतो तो बहुतेक मुद्दाम आधी पेरलेला असतो. आमच्या रानात हुरडा संक्रांतीच्या मागेपुढे. कणसातला चीक सरलेला पाहिजे, दाणा भरलेला पण नखाखाली दबणारा. हा आठ-दहा दिवसांचाच खेळ. दाणा टणक झाला की संपलं, मग भाकरीच.
गाडी काढून 'पॅकेज'ला जाण्यापेक्षा ओळखीपाळखीतलं कुणाचं रान शोधा. पुण्यात राहणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या माणसाचा कुणी ना कुणी बारामती-दौंड-बार्शीकडे असतोच. सकाळी जा. बांधाच्या कडेला हातभर खड्डा, त्यात गोवऱ्या पेटवून निखारे होऊ द्यायचे, ही आगटी. कणसं दांड्याला धरून आरात खुपसायची, फिरवत राहायची. हिरवा रंग करपटला, दाणे तडतडले की बाहेर. आणि गरम असतानाच तळहातावर चोळायचं. थंड झालं की दाणे सुटत नाहीत. माझ्या आजीचे हात असे निबर होते की आरातलं कणीस ती सरळ हातात घ्यायची. आम्ही पोरं रुमाल गुंडाळून चोळायचो, तिला हसू यायचं. चोळून झालं की ह्या हातातून त्या हातात टाकत फुंकर मारायची, फोलपटं उडतात, पोपटी दाणे राहतात. त्यात लसणाची चटणी, गूळ, वर दही. पोरांच्या डोळ्यांत फोलपटं जातात, तेवढं सांभाळा.

आता खरी गंमत. सकाळचा हुरडा सगळेच खातात, पण संध्याकाळपर्यंत थांबा. भोरड्या बघायला. काही जण पळसमैना म्हणतात. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. पूर्व युरोप, मध्य आशियाकडून येतात आणि ज्वारीत पडतात. शे-दोनशे नाही, हजारांनी. दिवसभर माळ्यावर राखणीला माणूस बसवावा लागतो. एका हातात गोफण, दुसऱ्या हातात पत्र्याचा डबा, आणि तोंडाने हाळी. मी आठवीपर्यंत जानेवारीत शाळा कमी आणि राखण जास्त केली. थवा एका वाफ्यातून उठला की आख्खं रान उचलल्यासारखं वाटतं, आणि दोन वाफे सोडून परत बसतो.
दिवस मावळायला आला की ह्याच भोरड्या बाभळीवर मुक्कामाला येतात. पण थेट बसत नाहीत. थवे येऊन एकात एक मिसळतात, आकाशात पीठ चाळल्यासारखे हलतात, कधी चादर, कधी दोरी, मध्येच तुटतात आणि परत जुळतात. वीस मिनिटं हे चालतं. मग कुणीतरी कळ दाबल्यासारखे सगळे झाडात, आणि झाडातून असा कलकलाट की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. दिवसभर ज्यांना शिव्या घातल्या त्यांनाच बघत आमचा बाप विडी ओढत उभा राहायचा.

अबोली
@गुळभेंडी, हे थोरलीला वाचून दाखवलं. ती म्हणते, काका पक्ष्यांना दगड का मारायचे? काय सांगू?

गुळभेंडी
खरं तेच सांगा. नाही हाकललं तर कणसं पोकळ राहतात, वर्षाची भाकरी जाते. दगड अंगाला लागावा म्हणून मारत नाहीत, गोफणीचा 'फट्' आवाज झाला की थवा उठतो. आणि हेही सांगा की त्यांच्या गावी ह्याच भोरड्या टोळ-नाकतोडे खातात, तिकडचा शेतकरी त्यांची वाट बघतो. ती मोठी आहे, तिला दोन्ही समजेल.

कोळंबी
मुंबईकरांची हजेरी. आमच्याकडे थंडी म्हणजे पंखा दोनवर. पण थंडीत खडकाळ किनारा बघायला मजा येते, ऊन अंगावर येत नाही. हाजीअली, गिरगाव, जुहू इथे ओहोटीत खडकांच्या खळग्यांत पाणी राहतं आणि त्यात शंखात राहणारे खेकडे, फुलासारखी दिसणारी समुद्रफुलं, बारके झिंगे, कधीकधी ऑक्टोपससुद्धा. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' ही मंडळी २०१७ पासून लोकांना असं किनाऱ्यावर फिरवून दाखवतात, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी त्यांच्याबरोबरच जावं.
वेळ काढायला अॅप नको, आजोबांची युक्ती वापरा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. तृतीया असेल तर तीनाचे पाऊणपट सव्वादोन, म्हणजे भरती सव्वादोनच्या सुमारास. त्यात सहा-सव्वासहा तास मिळवले की ओहोटी, साधारण साडेआठ. सकाळची पण आणि रात्रीची पण. अष्टमीला जाऊ नका, तेव्हा भांग असतो, पाणी फारसं मागे जात नाही. अमावास्या-पौर्णिमेनंतरची द्वितीया-तृतीया पोरांसाठी उत्तम. उधाणाचं पाणी लांब ओसरलेलं असतं आणि सकाळी साडेसात-साडेआठची वेळ मिळते. कालनिर्णय भिंतीवर असतंच.
नियम दोनच. दगड उलटला तर होता तसा परत ठेवायचा, कारण खाली कुणाचं तरी घर असतं. आणि पाणी वळलं की लगेच निघायचं. पायात पट्ट्याच्या चपला, स्लीपर नको, शेवाळावर माझी कवळी वाचली ती नशिबाने.

शेंगदाणा
पाऊणपट!!! माझ्या रेवदंड्याच्या मावशीने हे सांगितलं होतं, मी थट्टा समजत होतो. आत्ता तपासलं, पंधरा-वीस मिनिटांच्या फरकाने जुळतंय.

बोरकूट
आम्ही गेल्या वर्षी होडीतून पांढऱ्या पक्ष्यांना शेव-गाठी टाकल्या, मुलं वेडी झाली आनंदाने. अगदी हातातून नेतात. नक्की करा.

नदीकाठ
@बोरकूट, ते कुरव. मासे, किडे खाणारा पक्षी. कृपया शेव नका टाकू. त्यात मीठ, तिखट, तळलेलं तेल. आणि रोज फुकट मिळायला लागलं की ते होडीमागेच फिरतात.

बोरकूट
एक मूठ शेवेने काय होतंय? होडीवाल्यांची पोटं त्यावर चालतात, पाकीट तेच विकतात. तुम्ही मोठे लोक प्रवचनं देणार आणि गरिबाचा धंदा बसणार.

नदीकाठ
एक मूठ तुमची, सकाळपासून चाळीस होड्या. धंद्याचं म्हणाल तर मी होडीचे पैसे ठरले त्यापेक्षा शंभर जास्त देते आणि शेव नको म्हणते. कुणी नाराज झालेलं नाही.

बोरकूट
बरं. पोरांना काय सांगायचं ते तुम्हीच लिहून द्या आता.

टोरांटोकर
इथे उणे आठ आहे आणि तुमचं कुरवांचं भांडण वाचतोय, तर माझी भर. आमच्याकडे काही बागांत चिकडी नावाचा मूठभर पक्षी हातावर येऊन बसतो. हातमोजा काढून तळहातावर सूर्यफुलाच्या बिया घ्यायच्या आणि हालचाल न करता उभं राहायचं. धाकटीने पहिल्यांदा केलं तेव्हा बारा मिनिटं काहीच नाही, नाक वाहतंय, रडायच्या बेतात. मग एक आला. दहा-बारा ग्रॅमचा जीव. ती एवढंच म्हणाली, "बाबा, ह्याला नखं आहेत." बी घेऊन गेला आणि फांदीवर दोन पायांत धरून फोडत बसला. (बिया हे त्याचं नेहमीचंच खाणं आहे, तरीही बागेची पाटी वाचूनच करतो, काही ठिकाणी मनाई असते.)
बर्फातले ठसे वाचणं हा आमचा रविवारचा उद्योग. सशाचे मागचे पाय उडी मारताना पुढच्या पायांच्या पुढे पडतात, त्यामुळे पोरं हमखास उलट्या दिशेने ससा शोधायला जातात. मीही गेलो होतो. इकडे येणाऱ्या आजी-आजोबांना एक सांगा, आतून सुती बनियन नको. घाम धरून ठेवतं आणि थांबलं की हुडहुडी भरते. लोकरीचं किंवा सिंथेटिक घाला.

गच्चीवरचा
ज्यांना कुठेच जायचं नाही त्यांच्यासाठी. रात्री नऊनंतर गच्ची, सतरंजी, माकडटोपी. पूर्वेकडे वर तीन तारे एका ओळीत दिसतील, तो मृगाच्या पोटात घुसलेला बाण. ती ओळ खाली वाढवली की लखलखणारा व्याध, ज्याने बाण मारला तो. वर वाढवली की तांबूस रोहिणी आणि त्याच्याही पुढे कृत्तिकांचा पुंजका. पोरांना कृत्तिका मोजायला लावा. माझ्या भाचीने सात मोजल्या, मला चष्म्यासकट पाच. दहा-साडेदहानंतर दक्षिणेला इमारत आड येत नसेल तर खाली अगस्ती. पुण्यातूनही हे सगळं दिसतं. मिथुन राशीतला उल्कावर्षाव १३-१४ डिसेंबरच्या रात्री असतो, तो यंदा गेला. पुढच्या वर्षीसाठी कॅलेंडरवर खूण करा आणि त्या रात्री चंद्र किती मोठा आहे तेही बघून ठेवा. तो मोठा असला तर पांघरूण घेऊन झोपलेलं बरं.

मुळा_प्रवरा
नाशिककरांनो, नांदूरमध्यमेश्वर कसं विसरलात? गोदावरी-कादवेच्या संगमावरचं जुनं धरण, गाळ साचून दलदल झाली आणि पक्ष्यांचं फावलं. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. मनोरे आहेत, होडीचा प्रश्न नाही. फक्त ते निफाड तालुक्यात आहे, आणि 'निफाडचा पारा घसरला' ही बातमी दरवर्षी उगाच छापत नाहीत. पोरांना कानटोपी दोनदा गुंडाळा.

अबोली | २८ डिसेंबर
मंडळी, वृत्तांत.
उजनी भरलेली आहे असं पेपरात दिसलं, म्हणून भिगवण फेब्रुवारीवर. काल कवडीला गेलो. सूर्यच सात वाजून गेल्यावर उगवतो, त्यामुळे पोरांना फार लवकर उठवायची वेळ आली नाही, हे कुणी आधी सांगितलं नाही! पोचलो तेव्हा नदीवर धुकं होतं आणि वास... नदीकाठ, तुम्ही कमीच सांगितलात. नवरा म्हणाला, परत जाऊ. सासूबाई खुर्ची उघडून बसल्यासुद्धा.
पहिली वीस मिनिटं धाकट्याने दगड मारले, बिस्किटं खाल्ली, शू केली, परत बिस्किटं मागितली. थोरली दुर्बिणीतून फक्त धुकं बघत होती. मग बंधाऱ्यावर अडकलेल्या एका थर्माकोलच्या तुकड्यावर धोबी येऊन बसला. तुकडा पाण्यावर डुलत होता आणि त्याची शेपूट त्याच्या तालात. धाकटा उठून तसाच मागचा भाग हलवायला लागला. तासभर तेच. घरी आल्यावर जेवताना, रात्री झोपताना, धोबी.
थोरलीने चक्रवाक पकडला, आधी डोळ्यांनी आणि मग दुर्बिणीने. सासूबाईंनी चकवा-चकवीची गोष्ट सांगितली, पण त्यांच्या गोष्टीत ऋषीचा शाप होता. थोरली म्हणे, मग सकाळी एकत्र असतात ना, मग ठीक आहे. येताना तिने विचारलं, इथे एवढा कचरा कुणाचा? मी म्हटलं, आपला. हडपसरचा पण. ती घरापर्यंत गप्प होती.
हुरड्याचं: माझ्या मावसनणंदेचं दौंडजवळ रान निघालं!! इतकी वर्षं कुणी बोललं नाही. संक्रांतीनंतरच्या रविवारी जातोय, संध्याकाळपर्यंत थांबणार.

गुळभेंडी
झकास. बाभळी कुठे आहेत ते त्यांना आजच विचारून ठेवा. आणि पोरांना रुमाल द्या, चोळायला.

बोरकूट
@नदीकाठ, परवा होडीत शेव घेतली नाही. पोरगं अर्धा तास रुसलं. मग होडीवाल्या दादाने त्याला पाण्यातलं जाळं ओढू दिलं, तीन चिलापी निघाले. आता शेव कुणाला आठवत नाही. दादांचा नंबर हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

नदीकाठ
केला आहे.